माणशी महिन्याला तेल किती? आणि ते जातं कुठे?

मीनल_के
नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या ऑफिसात दरवर्षी तपासण्या होतात. यंदाच्या रिपोर्टात ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) २३६, म्हणजे वाढलेली, आणि सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर, ग्रेड १'. वय ४३, दारू नाही, सिगरेट नाही, त्यामुळे घरात सगळेच चकित. आहारतज्ज्ञ बाईंनी पहिला प्रश्न मला विचारला (त्याला नाही, मला!): "घरात महिन्याला तेल किती येतं?"

किराण्याची बिलं काढली. पाच लिटरचा कॅन, दर महिन्याला. गणपती-दिवाळीला वर एखादी पिशवी. त्या म्हणाल्या, माणशी महिना अर्धा लिटर, बास. आम्ही घरात चौघं: आम्ही दोघं, सासूबाई आणि सहावीतला मुलगा. म्हणजे दोन लिटर! सासूबाईंचं म्हणणं, आपल्याकडे तळण सणावारीच होतं, एवढं तेल लागेलच कसं, कॅनमध्येच कमी भरत असतील.

तर प्रश्न: तुमच्याकडे माणशी किती तेल लागतं? कोणतं वापरता? कमी केलं असेल तर नेमकं कुठून कमी केलं? कृपया आकडे द्या, लेक्चर नको. ते घरी मिळतंय.

तर्रीबाज
माणशी अर्धा लिटर? म्हणजे रविवारी सावजी करायचं आणि उरलेला महिना प्राणायाम?

हिशोबनीस
आकडे मागितलेत म्हणून आलो. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, पिशवीवर लिहिलेलं असतं. पाच लिटर म्हणजे ४५५० ग्रॅम. भागिले चार माणसं, भागिले तीस दिवस: माणशी रोज ३८ ग्रॅम. ग्रॅमला ९ कॅलरी धरल्या तर ३४० च्या आसपास कॅलरी नुसत्या तेलातून.

अर्ध्या लिटरचा हिशोब रोज १५ ग्रॅमवर येतो, म्हणजे चहाचे सपाट तीन चमचे आणि वर थोडंसं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा जुना तक्ता बैठं काम करणाऱ्या बाईला २० आणि पुरुषाला २५ ग्रॅम वरून घातलेलं तेल-तूप सांगतो. तेव्हा तुमच्या बाई जरा कडक आहेत. बहुधा तूप, लोणी आणि बाहेरचं खाणं धरून त्यांनी आधीच कापून सांगितलं असावं. पण ३८ बैठ्या कामाच्या मापात बसत नाही.

लसूणपाकळी
आम्ही दोघं, महिन्याला एक लिटर, कधीकधी तेही पुरून उरतं. टाळ्या वाजवू नका. आठवड्यातले तीन-चार दिवस बाहेरून मागवतो. परवा आलेल्या पनीरच्या डब्यात वर जे तरंगत होतं ते वाटीत काढलं तर आमची दोन दिवसांची भाजी झाली असती. तेव्हा "आमच्याकडे तेल फार कमी लागतं" असं शहरातलं कोणी सांगितलं की आधी विचारा, जेवता कुठे?

पोटोबा
+१. माझा बॉस हाच. घरी उकडलेलं, ऑफिसच्या खाली रोज सामोसा. लिपिड प्रोफाइल त्याचंच सगळ्यात वाईट.

अण्णा_सोलापूर
ताई, तेल किती यापेक्षा तेल कुठलं हे विचारा. आमच्याकडे लहानपणी घाण्यावरून करडईचं तेल यायचं, पत्र्याच्या डब्यात. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, त्यावर कच्च्या करडई तेलाची धार. धार म्हणजे धार, थेंब नव्हे. घरात दहा-बारा माणसं, सगळी ठणठणीत. लिव्हरला ग्रेड असते हेच कोणाला माहीत नव्हतं. ही रिफाइंड तेलं आली, पारदर्शक, वास नाही, चव नाही, आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

आता करडई लावणारेच राहिले नाहीत. काढणीला मजूर मिळत नाही, काटे असतात, हाताला फडकी गुंडाळून काढावी लागते. शेतकरी हरभरा नाहीतर सोयाबीनकडे गेला. त्याला तरी कसा दोष देणार.

काकूबाई
अण्णा, हलके घ्या, पण "आमच्या घरात सगळी ठणठणीत" हे जी राहिली ती सांगतात. माझे सख्खे चुलत आजोबा घाण्याचंच तेल खायचे. ५२ व्या वर्षी बांधावर बसले ते उठलेच नाहीत. तेव्हा त्याला "बाहेरची बाधा" म्हणाले. ग्रेड नव्हती कारण सोनोग्राफी नव्हती.

अण्णा_सोलापूर
काकूबाई, मान्य. पण तुम्ही बांधावर म्हणालात. आम्हीही बांधावरच होतो. दिवसभर उन्हात उभं राहून मग ती धार. आता माझा मुलगा खुर्चीत बसून तीच धार घेतो.

तर्रीबाज
अण्णांनी स्वतःच्याच पोस्टला उत्तर दिलं, धागा संपला. चला घरी.

नीता आर
संपू देत नाही. :) मी आहारशास्त्र शिकवते, थोडं लांबतंय.

मीनल, आधी तुमच्या कागदाबद्दल. ट्रायग्लिसराइड्स वाढली की लोक थेट तेलावर घसरतात. पण ती साखर, मैदा, भाताचा मोठा डोंगर, दारू आणि एकूणच जास्तीचं खाणं यानेही वाढतात. लिव्हर जास्तीच्या साखरेचंही चरबीत रूपांतर करतं. म्हणून चहा किती कप, प्रत्येकात साखर किती, संध्याकाळी बिस्किटं किती, हे प्रश्न तेलाइतकेच महत्त्वाचे आहेत. तुमच्या आहारतज्ज्ञांनी ते दुसऱ्या भेटीत विचारले नाहीत तर तुम्ही विचारा. बाकी औषधाचं डॉक्टर ठरवतील, ते इथे नको.

आता "कुठलं तेल". प्रत्येक तेलात वेगवेगळी स्निग्धाम्लं कमीजास्त असतात. अण्णांच्या करडईत लिनोलिक आम्ल सत्तर टक्क्यांच्या पुढे. सूर्यफुलातही तेच जास्त. शेंगदाण्यात ओलेइक जास्त. पामतेलात जवळपास निम्मा भाग संपृक्त (सॅच्युरेटेड), खोबरेलात तो नव्वदीच्या घरात. म्हणून एकच तेल वर्षानुवर्षं धरू नका, दोन-तीन आलटूनपालटून वापरा, असा सल्ला असतो. घाण्याच्या तेलाला चव, वास चांगला असतो, काही सूक्ष्म घटकही जास्त राहतात. पण कॅलरी? घाण्याचं असो की रिफाइंड, ग्रॅमला नऊच. गिऱ्हाइकं "आता लाकडी घाण्याचं आणतो" म्हणून हात सैल सोडतात, तिथे सगळं गणित बिघडतं.

कोकणकडा
आमच्याकडे तेल फारच कमी हो. चौघांत दीड लिटर. आम्ही नारळ घालतो.

नीता आर
नारळ रोज किती?

कोकणकडा
...रोज एक. मासे असले तर दीड. तो धरायचा का यात?

हिशोबनीस
धरायचा. सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांच्या वर तेल असतं. ओल्यात पाणी असल्यामुळे बरंच कमी, पण असतंच. देशावरच्या लोकांनी हसू नये, शेंगदाण्याच्या कुटातही वजनाच्या निम्मं तेलच आहे. भरल्या वांग्यात मूठभर कूट गेलं की वरचं तेल हात आखडून घालता येतं, पण तसं कोणी करत नाही.

नीता आर
फक्त कूट आणि खोबरं तेलाच्या बाटलीच्या रांगेत बसवू नका. कुटात प्रथिनं आहेत, चोथा आहे. वेगळ्या वहीत लिहा.

भटकभवानी
इतके प्रतिसाद झाले पण तेल ओततं कोण, हे कोणीच विचारलं नाही? मीनल, स्वयंपाक कोण करतं?

मीनल_के
भाज्या मावशी करतात, सकाळी पाऊण तासात दोन्ही वेळच्या. पोळ्या सासूबाई स्वतः लाटतात, त्यात कोणाचं ऐकत नाहीत. मी शनिवार-रविवार. मावशींना सांगून पाहिलं, तेल कमी घाला. दोन दिवस कमी घालतात, तिसऱ्या दिवशी पुन्हा कॅन उचलून धो धो.

लसूणपाकळी
आमच्या मावशीही तशाच. स्वतःच्या घरी असं ओततील का?

भटकभवानी
याच वाक्याची वाट बघत होते. स्वतःच्या घरी नाही ओतणार, कारण तिथे त्यांना वेळही आहे आणि तेल स्वतःच्या पैशाचं आहे. तुमच्याकडे पाऊण तासात दोन भाज्या. कमी तेलात भाजी करायची तर मंद आच, झाकणावर पाणी, मध्ये दोनदा येऊन ढवळणं आलं. पुढच्या घरची बेल वाजवायची असताना हे कोण करणार? मोठी आच आणि भरपूर तेल, खाली लागत नाही, दहा मिनिटांत भाजी तयार. आपण तेल देऊन वेळ वाचवतोय. आणि भाजी कोरडी झाली की "आज चव नव्हती मावशी" म्हणणारे पण आपणच.

माझा उपाय: कॅन ओट्यावरून हलवा. त्यांना रोज सकाळी छोट्या वाटीत तेल काढून द्या, "हे आजचं". आणि दहा मिनिटं जास्त द्या, त्याचे पैसेही द्या. माझ्याकडे हे चाललं. नुसतं "कमी घाला" कोणाच्याच हाताला कळत नाही, माझ्याही नाही.

काकूबाई
भटकभवानी, पूर्ण अनुमोदन. शिवाय आमच्याकडे आधी तेलाचा कावळा होता, म्हणजे बारीक चोचीचं भांडं. धार बारीक यायची. आता पाच लिटरचा कॅन तिरपा केला की अर्धी वाटी गेलीच समजा. जुनं ते सोनं म्हणत नाहीये, तोंड बारीक असलं की तेल बारीक, एवढंच.

अमेय_डब्लिन
इकडे एअर फ्रायर घेतलाय. बटाटेवडा छान होतो. म्हणजे बटाटेवड्याच्या आकाराचं काहीतरी छान होतं.

तर्रीबाज
चकली करून पाहा आणि दाताच्या डॉक्टरचा नंबर जवळ ठेवा.

अमेय_डब्लिन
आईने व्हिडिओ कॉलवर पाहिली. म्हणाली, "चांगली झालीये, आता तळ."

पोटोबा
हायला, मेलो हसून. रच्याकने, तळून उरलेल्या तेलाचं काय करता? आमच्याकडे ते डब्यात साठतं आणि त्याला कोणी हात लावत नाही.

काकूबाई
गाळून ठेवायचं आणि एक-दोन दिवसांत फोडणीला संपवायचं. पुन्हा तळणीला नाही. काळं झालं, फेस यायला लागला, धूर लवकर निघायला लागला की टाकून द्यायचं.

कोकणकडा
आम्ही देवापुढच्या दिव्याला वापरतो.

अण्णा_सोलापूर
देवाला उष्टं तेल?

कोकणकडा
अण्णा, उष्टं कसलं, तळलेलं. देवाचं कोलेस्टेरॉल वाढत नाही.

हिशोबनीस
टाकायचं तर सिंकमध्ये नको, ड्रेनेजमध्ये थिजून बसतं. जुन्या वर्तमानपत्रात शोषवून सुक्या भुशाबरोबर बांधून टाका. बाहेरच्या तळणाला नियम आहे: तेलातली ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हापुन्हा तापवून वाढतात ती) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते वापरायचं नाही, २०१८ च्या जुलैपासून लागू. कोपऱ्यावरच्या भजीवाल्याची कढई कोण मोजायला जातं हा भाग वेगळा. निदान रंग तरी बघा. आणि भज्यांच्या पिठात सोडा जास्त पडला की भजी जास्त तेल पितात, हे घरालाही लागू.

पोटोबा
तेल तापलेलं नसतानाच सोडली तरीही. आमच्याकडे घाईत तेच होतं.

तर्रीबाज
पंतप्रधानांनी २०२५ मध्ये सांगितलंच होतं ना, तेल दहा टक्के कमी करा म्हणून. त्याच वर्षी जुलैत सामोसा-जिलबीवर सिगरेटसारखा इशारा येणार अशी बातमी पण आली, तीही आमच्या नागपूरच्या एम्सचं नाव घेऊन. मग सरकारने खुलासा केला, की तसं काही नाही, ऑफिसांमध्ये साखर-तेलाचे फलक लावायचे आहेत. सामोसा वाचला.

लसूणपाकळी
राजकारण आणू नका, धागा बंद पडेल.

हिशोबनीस
राजकारण नाही, पण दहा टक्के कशाचे? शंभरातल्या नव्वद घरांना आपलं तेल किती ते माहीत नाही. (हा आकडा माझ्या मनातला, लगेच कुठे फॉरवर्ड करू नका.)

रानपाखरू
बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मी लातूर जिल्ह्यात शिकवते. हा धागा वाचताना थोडं वेगळं वाटलं. माझ्या वर्गातल्या पुष्कळ मुलांच्या घरी तेल कॅनमध्ये येत नाही. दुकानातून सुटं, दहा-वीस रुपयांचं येतं. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि सूर्यफुलाचा भाव भडकला, पाठोपाठ इंडोनेशियाने काही आठवडे पामतेलाची निर्यात थांबवली. तेव्हा कित्येक घरांत फोडणी जवळपास बंद झाली होती. त्या दिवाळीला रेशनवर 'आनंदाचा शिधा' मिळाला, शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल. तेलाची पिशवी लोक आधी उचलत होते.

याच घरांतली मुलं आता शाळेबाहेर पाच रुपयांची तळलेली पाकिटं खातात. घरात तेल कमी आणि पोटात जास्त, असं चित्र आहे. "माणशी अर्धा लिटर" हा सल्ला त्यांना कसा द्यायचा, मला कळत नाही. त्या पाकिटांबद्दल मात्र मी बोलते, मुलं ऐकतात असं नाही.

नीता आर
रानपाखरू, फार महत्त्वाचं लिहिलंत. लहान मुलांच्या, विशेषतः कमी वजनाच्या मुलांच्या जेवणातलं तेल-तूप कापायचं नसतं. हा हिशोब पोट सुटलेल्या, खुर्चीतल्या मोठ्यांसाठी. मीनल, तुमच्या मुलालाही नवऱ्याच्या मापाने मोजू नका. तो खेळत असेल तर त्याला खाऊ द्या.

पोटोबा
"पोट सुटलेल्या, खुर्चीतल्या". माझा आयडी घेऊन बोला सरळ.

हिशोबनीस
मीनल, मूळ प्रश्नाचा दुसरा भाग राहिला: जातं कुठे? एक करून पाहा. कॅन लपवा आणि तीन बाटल्या भरा. एक पोळीची, एक भाजी-आमटीच्या फोडणीची, एक तळणाची. मार्करने तारीख टाका. आधी कोणती संपते ते सांगा. माझी पैज तळणावर नाही.

मीनल_के
आले. मधले दिवस वाचत होते, बाटल्या चालू होत्या.

पोळीची बाटली सगळ्यात आधी रिकामी झाली! फोडणीची तिच्या मागे, तळणाची जवळजवळ तशीच. सासूबाई तळणाबद्दल खरं सांगत होत्या. आमच्याकडे रोज सोळा-सतरा घडीच्या पोळ्या होतात. घडीत तेल, तव्यावर वरून तेल, कणकेत तेल. चमच्याने मोजायला बसलो तेव्हा एका पोळीला साधारण तीन मिली. हिशोबनीस, तुम्हीच गुणाकार करा.

हिशोबनीस
१६ × ३ × ३० = १४४० मिली. जवळपास दीड लिटर नुसतं पोळीत. आहारतज्ज्ञांच्या दोन लिटरमधून बाकी सगळ्याला अर्धा लिटर उरतो.

तर्रीबाज
आणि मी इतके दिवस तर्रीची बदनामी सहन करत होतो.

लसूणपाकळी
फुलके करा.

मीनल_के
सुचवलं. सासूबाई म्हणाल्या, दुपारी दोनपर्यंत डब्यातल्या फुलक्याचं चामडं होतं, मुलगा परत आणतो. ते खरं आहे. शेवटी तह झालाय: डब्याच्या पोळ्या घडीच्याच, पण घडीत ब्रशने तेल आणि वरून काही नाही. रात्री फुलके किंवा भाकरी, गरम गरम. मावशींना वाटी सुरू केली आहे आणि पंधरा मिनिटं वाढवून दिली आहेत. भटकभवानी, धन्स. त्या म्हणाल्या, "आधी सांगायचं होतं ना ताई, मलाच झाकण ठेवून केलेली आवडते."

नीताताई, चहाचं विचारलं होतंत. नवरा ऑफिसात चार कप घेतो, मशीनचा, साखर आधीच घातलेली असते. ती बाटली मात्र माझ्या हातात नाही. त्याला सांगितलंय, या प्रश्नाचं उत्तर तू आण.

नीता आर
बरोबर केलंत. तीन महिन्यांनी रिपोर्ट परत काढाल तेव्हा कळेलच. रोजचं अर्धा तास झपाझप चालणं पण त्याच्याच नावावर लिहा, ते घरचं कोणी करून देऊ शकत नाही.

काकूबाई
ब्रश सिलिकॉनचा घ्या, केसांचा नको, पोळीत केस निघतात आणि मग सुनेचा आहे की ब्रशचा यावरून भांडण.

मीनल_के
हाहाहा, सिलिकॉनचाच आहे.

अमेय_डब्लिन
भाकरी म्हणालात म्हणून, इथे ज्वारीचं पीठ मिळतं पण भाकरी थापताना तुटते. पीठ जुनं असेल का?

अण्णा_सोलापूर
जुनंच असणार, विरी (पिठाचा चिकटपणा) गेली की तुटतेच. पाणी उकळतं घ्या, पीठ त्यात कालवून झाकून ठेवा, मग मळा. आणि वर शेंगाची चटणी घ्या. तेल चमच्याने घ्या, मी पण आता चमच्यानेच घेतो, सून बघत असते.

लसूणपाकळी
अण्णा, करडईचं घाण्याचं तेल अजून मिळतं का तुमच्याकडे? आमचं महिन्याला एकच लिटर, भाव परवडेल. पत्ता?

अण्णा_सोलापूर
मिळतं. पत्ता धाग्यावर नको, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. येताना स्टीलचा डबा आणा, तो प्लास्टिकच्या बाटलीत देत नाही. आणि सोमवारी घाणा बंद असतो.